न तापलेलं इंजिन

जुना ट्रक घ्यायला निघालेला माणूस आधी मीटर बघतो. किलोमीटर कमी दिसले की त्याचा चेहरा खुलतो, आणि विकणाराही तेच पुढे करतो. “गाडी लोकललाच होती भाऊ. शेत ते जिनिंग, जिनिंग ते शेत. लाईनवर कधी गेलीच नाही.” चोपडा, अमळनेर, पारोळा, धुळे, जिथे कुठे गाड्यांचा सौदा चालू असेल तिथे हे वाक्य कानावर पडतं. लाईनवर गेली नाही म्हणजे घाट चढली नाही, रात्रभर पळाली नाही, परमुलखात कुणा अनोळखी मिस्तरीच्या हाती लागली नाही. गिऱ्हाईक मान डोलावतं. मला मात्र हे वाक्य ऐकलं की त्या इंजिनाची काळजी वाटायला लागते.

आमच्या घरात दोन पिढ्या ट्रक आहे. दादांनी, म्हणजे वडिलांनी, दिल्ली लाईन केली. अडावद-धानोऱ्याकडची केळी भरायची, शिरपूरजवळ आग्रा रोडला लागायचं, पळासनेर मागे टाकून बिजासनचा घाट चढायचा, आणि मग आझादपूर मंडी येईपर्यंत थांबणं फक्त जेवणापुरतं आणि डुलकीपुरतं. आता धाकटा भाऊ गाड्या बघतो आणि गाड्या लोकल चालतात. केळीच्या बागेतून पॅकिंग शेडवर, गावातून कापूस भरून जिनिंगला, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, जिनिंगमधून सरकी घेऊन तेलमिलला. हिशेब मी बघते. डिझेल, ऑइल, टायर, मिस्तरीची बिलं सगळी माझ्या हातून जातात. दादांच्या जुन्या वह्या आणि माझ्या वह्या शेजारी ठेवल्या की फरक उघड दिसतो. दादांचा पैसा टायर, पाटे आणि ब्रेकमध्ये जायचा, इंजिनाचं हेड उघडायची वेळ फार उशिरा यायची. आमच्या गाड्यांचे टायर टिकतात, पण बॅटरी, सेल्फ, नोझल, टर्बो, सायलेन्सर यांची बिलं सारखी येतात. किलोमीटरमागे हिशेब केला तर इंजिनावरचा खर्च लोकल गाडीचाच जास्त निघतो.

हे असं का होतं, हे समजून घ्यायला मला खानदेशातल्या एका भीतीपासून सुरुवात करावी लागली. आपल्याकडे गाडी तापण्याची भीती फार खोल आहे. ती खोटी नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, डांबर टायरला चिकटतं, आणि घाटात रेडिएटर उकळून बाजूला लागलेल्या गाड्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. त्यामुळे आपल्या ड्रायव्हरची नजर टेंपरेचरच्या काट्यावर असते ती एकाच बाजूने. काटा वर गेला की छातीत धस्स होतं. काटा खालीच राहिला तर कुणी काही बोलत नाही, उलट गाडी थंड चालते म्हणून तिचं कौतुक होतं. तापण्याला आपण सगळे घाबरतो. न तापण्याला कुणीच घाबरत नाही. आणि लोकल गाडीचं सगळं दुखणं या न तापण्यात आहे.

डिझेल इंजिनाचा जन्मच उष्णतेच्या भरवशावर झालेला आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्यात ठिणगी पाडणारा प्लग नव्हता. हवा इतकी दाबायची की ती दाबामुळेच तापली पाहिजे, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटलं पाहिजे. आजच्या ट्रकमध्येही तेच चालतं. पिस्टन वर येताना हवेला साधारण सोळाव्या-सतराव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबतो आणि ती हवा 500 अंशांच्या वर जाते. पण भोवतालचं लोखंड थंड असेल तर ते त्या हवेची बरीच उष्णता ओढून घेतं. नोझलमधून आलेल्या डिझेलचा काही भाग मग नीट पेटत नाही. थोडं पांढऱ्या धुरात बाहेर जातं, थोड्याची काजळी होते, आणि थोडं लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, भिंतीवर ओलं चिकटून राहतं. ओली लाकडं घातलेली चूल पेट घेईपर्यंत घरभर धूर करते, तसंच हे. फरक एवढाच की चुलीचा धूर डोळ्यांना लगेच झोंबतो. इंजिनातला धूर आतल्या आत साचत जातो आणि त्याचं बिल दोन-तीन वर्षांनी येतं.

“पण ताई, आपल्याकडे बाहेरच एवढं ऊन असतं, इंजिन थंड राहीलच कसं?” असं मला एकदा नव्हे, अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. मेच्या दुपारी सेल्फ मारला तर इंजिनाला सुरुवात 45 अंशांवरून मिळते, डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंशांवरून. उन्हाळ्यातला पहिला सेल्फ त्यामानाने सोपा, हे खरं. पण इंजिनाचं पाणी निदान 80 अंशांच्या पुढे जावं लागतं, ऑइल त्याच्याही मागून तापतं, आणि धुराच्या नळीतल्या नव्या यंत्रणांना तर 200-250 अंशांच्या पुढची उष्णता लागते. तिथे बाहेरच्या तीस-पस्तीस अंशांच्या फरकाने फारसं काही साधत नाही. शिवाय कापसाचा हंगाम येतो तोच थंडीत. लोकल फेऱ्यांची सगळ्यात जास्त गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्याही भल्या सकाळी, म्हणजे इंजिन सगळ्यात थंड असतं तेव्हा.

यात भर घालणारी आपली एक जुनी सवय आहे, तिच्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. गाडी एकदा तापली की बरेच मिस्तरी थर्मोस्टॅट काढून टाकतात. “वॉल (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढून टाका, पाणी मोकळं फिरू द्या, पुन्हा तापायची नाही.” थर्मोस्टॅटचं काम असतं इंजिन थंड असताना रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवायचा आणि पाणी साधारण 80 अंशांवर आलं की तो उघडायचा. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये थंड होत राहतं. हिवाळ्यात चोपड्याहून निघालेली गाडी धरणगाव आलं तरी नीट तापत नाही. ज्या एका उन्हाळ्याच्या भीतीने तो काढला, त्याची किंमत गाडी नंतरचे सगळे हिवाळे मोजते. तापण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. कचऱ्याने बसलेली रेडिएटरची जाळी, ढिला पट्टा, बोअरचं खारं पाणी वापरून आत धरलेला क्षार, नाहीतर खराब झालेला थर्मोस्टॅटच. खराब असेल तर नवा बसवावा. काढून टाकणं हा इलाज नाही.

आता ऑइलकडे येते, कारण खरी गोष्ट तिथे घडते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. थंडीत पिस्टन आकसलेला असतो, त्यामुळे दोघांतली फट मोठी असते. तापल्यावर पिस्टन फुलतो आणि ही फट ठरल्या मापावर येते. तोवर रिंगांच्या कडेने दोन गोष्टी खाली झिरपतात, न जळलेलं डिझेल आणि जळल्यातून निघालेली वाफ.

या वाफेचं प्रमाण ऐकून दादासुद्धा थबकले होते. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. डिझेलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की पाणीच होणार. तापलेल्या इंजिनात ते सगळं वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जातं, म्हणून आपल्याला दिसत नाही. थंड इंजिनात त्यातला थोडा भाग खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो आणि थंड लोखंडावर पाणी होऊन बसतो. ऑइल चांगलं तापलं तर तेही उडून जातं. पण दहा मिनिटांत गाडी बंद झाली तर ते तिथेच राहतं. पुढच्या फेरीला त्यात आणखी थोडी भर. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, सायीसारखा थर दिसतो तो याच पाण्याचा. तसा थर दिसला की हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरायचं की ही नुसती थंड फेऱ्यांची ओल आहे हे ठरवायला आधी कूलंट कमी होतंय का ते बघावं. कूलंट जागेवर असेल तर गाडी एकदा लांब चालवून आणावी आणि झाकण पुन्हा उघडून बघावं.

पाण्याबरोबर गंधकाचाही जुना त्रास होता. 2000 च्या सुमाराला आपल्या डिझेलमध्ये दहा लाखात 2,500 भागांपर्यंत गंधक चालायचं. पाणी आणि गंधक मिळून आम्ल तयार व्हायचं आणि ते बेअरिंग खायचं. आज बीएस-6 च्या, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या नव्या सरकारी नियमांच्या, डिझेलमध्ये ते दहा लाखात 10 भागांवर आलं आहे. ही एक गोष्ट खरोखर सुधारली.

डिझेल झिरपण्याची गोष्ट जास्त फसवी आहे. पाणी उघडं पडतं, डिझेल ऑइलमध्ये बेमालूम मिसळतं. लोकल गाडीचा मालक सकाळी गेज पट्टी काढून बघतो, ऑइल जिथल्या तिथे. महिन्याने बघतो, तरी तिथेच. “एक थेंब ऑइल खात नाही,” असं तो चारचौघांत सांगतो. ऑइल थोडं जळतच असतं, प्रत्येक इंजिनात जळतं, पण त्याची जागा खाली उतरलेलं डिझेल भरून काढत असतं. पट्टीवरची रेघ तीच राहते आणि खालचा माल पातळ होत जातो. कधीकधी तर रेघ वर चढते. मग एखाद्या दिवशी ती गाडी भरून कोंडाईबारीच्या घाटातून सुरतला जाते. इंजिन तिच्या आयुष्यात पहिल्यांदा व्यवस्थित तापतं, साचलेलं पाणी आणि बरंचसं डिझेल उडून जातं, आणि परत आल्यावर पट्टी बघितली तर ऑइल एकदम खाली. मालक कपाळाला हात लावतो, “एका लाईनने गाडी बसवली!” आणि ठरवतो की हिला पुन्हा लाईनवर पाठवायची नाही. त्या एका फेरीने खरं ते दाखवून दिलं होतं, पण बोल तिच्याच माथी लागतो. आमचे धुळ्याचे मिस्तरी पट्टीवरच्या रेघेवर विश्वास ठेवत नाहीत. ते ऑइल दोन बोटांत चोळतात आणि वास घेतात. साध्या टिपकागदावर एक थेंब टाकून ठेवायची रीतही त्यांनीच मला दाखवली. मधला काळा डाग किती घट्ट, त्याच्याबाहेर फिकट कडं किती पसरलं, यावरून काजळी आणि डिझेल दोन्हींचा अंदाज येतो.

म्हणून आम्ही ऑइल किलोमीटरवर बदलणं सोडलं. साधं गणित आहे. ताशी 40 च्या सरासरीने लाईनवर 10,000 किलोमीटर झाले तर इंजिन 250 तास चाललं. लोकलला, उभं राहणं धरून, सरासरी ताशी 10 पडते. तेच 10,000 किलोमीटर व्हायला 1,000 तास लागतात. मीटर दोघांनाही सारखंच आयुष्य दाखवतं. ट्रॅक्टरचं ऑइल आपण तासांवर बदलतो, जनरेटरचं तासांवर बदलतो, मग दिवसभर जिनिंगच्या आवारात घुरघुरणाऱ्या ट्रकचं किलोमीटरवर का बदलायचं?

जिनिंगच्या रांगेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना लोकल फेरी म्हणजे दहा किलोमीटर जाणं आणि येणं एवढंच वाटतं. भाव चढला की, किंवा सरकारी खरेदी सुरू झाली की, वाहनांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत येते. ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक, बैलगाडीसुद्धा. पुढची गाडी वजनकाट्यावर गेली की मागची प्रत्येक गाडी एका गाडीच्या लांबीने पुढे सरकते. सेल्फ मारायचा, पंधरा-वीस फूट जायचं, बंद करायचं. अर्ध्या तासाने पुन्हा सेल्फ. डिझेल वाचवायचं म्हणून मालकाने बंद करायला सांगितलेलं असतं. आमचे ड्रायव्हर नाना मूळचे धुळ्याकडचे, ते वैतागून म्हणतात, “गाडी तापनीबी नही, आन् बंद कराले सांगतस.” प्रत्येक सेल्फला बॅटरीतून मोठा करंट जातो, आणि तो भरून यायला अल्टरनेटरला सलग काही वेळ इंजिन चालू लागतं. वीस फुटांत तो कुठून मिळणार? बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि हंगाम संपता संपता एका पहाटे गाडी नुसती टक-टक करते. बॅटरी कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. तिला कधी पोटभर चार्ज मिळालेलाच नसतो.

मग बंद करू नये, चालूच ठेवावी का? तेही नाही. उभ्या उभ्या चालणारं डिझेल इंजिन फार थोडं इंधन जाळतं आणि हवा मात्र भरपूर ओढतं, त्यामुळे ते तापतच नाही. हिवाळ्यात तासभर आयडलवर ठेवलेल्या गाडीचा काटा मी जागच्या जागी राहिलेला बघितला आहे. तशा अर्धवट जळण्याने नोझलच्या टोकावर कार्बन धरतो, ज्या गाड्यांत ईजीआर वॉल (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आहे तिथे तो काजळीने चिकटतो, रिंगा खाचेत अडकायला लागतात आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत होऊन ऑइल धरेनासा होतो. सकाळी सेल्फ मारल्यावर हवेचं प्रेशर भरेपर्यंत थांबणं भाग आहेच, ब्रेकच हवेवर आहेत. तेवढं झालं की हलक्या पायाने निघावं. इंजिन चढावाने आणि वजनाने तापतं, उभं राहून नाही. आमच्या दोन गाड्यांसाठी आता एवढं ठरलं आहे की रांगेत लावायच्या आधी जिनिंगला फोन करून गर्दी विचारायची, आणि दिवसभरात विखुरलेल्या फेऱ्या शक्यतो एका दमात, एकामागून एक करायच्या. तापलेलं इंजिन तास-दीड तास ऊब धरून असतं, त्या वेळात मारलेला सेल्फ त्याला फारसा जड जात नाही. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशा तीन फेऱ्या आणि सलग तीन फेऱ्या, यांत किलोमीटर सारखे असले तरी गाडीला पडणारा फरक मोठा आहे.

आतापर्यंत सांगितलं ते दादांच्या काळातल्या इंजिनालाही लागू होतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं आणि न तापण्याची शिक्षा एकदम कडक झाली. नव्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. काजळी तिच्यात साचते आणि ती जाळून जाळी मोकळी करावी लागते. गाडी वजन घेऊन हायवेला सलग चालत असेल तर धुराच्या उष्णतेनेच काजळी हळूहळू जळत राहते, ड्रायव्हरला कळतही नाही. लोकलला ती उष्णता येत नाही. जाळी भरत आली की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडून धूर 600 अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळायला घेते. ड्रायव्हर याला ‘रिजन’ म्हणतात. त्याला वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. आणि आपली फेरी त्याच्या आतच संपलेली असते. गाडी बंद केली की काम अर्धवट, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. काही इंजिनांत हे जास्तीचं डिझेल सिलिंडरमधूनच सोडलं जातं, तिथे प्रत्येक अर्धवट रिजनबरोबर थोडं डिझेल पुन्हा खाली ऑइलमध्ये जातं.

आता हेच चित्र जिनिंगच्या आवारात बघा. चहूकडे कापूस, हवेत तरंगणारी रुई, जमिनीवर पांढरा थर. तिथे आमच्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो की जाळी भरली, रिजन करा. 600 अंशांचा धूर कापसाच्या ढिगाशेजारी सोडायचा? कुठलाही शहाणा ड्रायव्हर ते करणार नाही, करूही नये. रिजन थांबवायचं बटण असतं, नाना ते दाबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. केळीच्या बागेत तर वाळलेल्या पानांचा थर असतो, तिथेही तेच. असं होत होत दिवा लाल होतो, इंजिन ताकद कमी करतं, भरलेली गाडी रस्त्यात रांगायला लागते आणि शेवटी वर्कशॉपला न्यावी लागते. तिथे पहिला प्रश्न येतो, “ड्रायव्हरने रिजन का नाही केलं?” नानांसारख्या माणसाने आग लागू नये म्हणून जे केलं, ते बिलावर त्याची चूक म्हणून लिहिलं जातं. मला याचा मनापासून राग येतो. गाडी विकताना कुणी विचारत नाही की ही रोज किती वेळ सलग चालणार आहे, कुठे उभी राहणार आहे. खरेदीच्या टेबलावर हा प्रश्न आला तर निम्मी दुखणी तिथेच टळतील.

युरियाचंही असंच. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला धुरात जो द्रव फवारतात त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. (शेतातला निमकोटेड युरिया पाण्यात घोळून टाकीत ओतायचा सल्ला देणारे आहेत. तो अजिबात ऐकू नका, सगळी यंत्रणा बसेल.) धूर 200 अंशांच्या आसपास गेल्याशिवाय हा फवारा नीट कामच करत नाही. त्याच्या खालीवर घुटमळणाऱ्या गाडीत फवाऱ्याच्या तोंडाशी आणि नळीत पांढरे खडे धरतात.

या सगळ्यावर गावोगाव एक इलाज सांगितला जातो. जाळी कापून टाका, लॅपटॉप लावून दिवा बंद करून घ्या. माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो फक्त कायद्याच्या धाकाने नाही. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केलं. जिनिंगच्या रांगेत दिवसभर जे बसतात ते आपलेच शेतकरी, आपलेच हमाल, डब्बा घेऊन आलेली त्यांची पोरं. ज्या थंड, अर्धवट जळणाऱ्या गाड्यांमधून सगळ्यात जास्त काजळी निघते, त्यांचीच जाळी काढायची आणि ती काजळी या लोकांच्या नाकात सोडायची, हे मला मान्य नाही. ज्याला फक्त पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या करायच्या आहेत त्याने खरं तर डिझेलचा मोठा ट्रक घेऊच नये. लहान सीएनजीची किंवा बॅटरीवरची गाडी त्या कामाला जास्त योग्य. बॅटरीवरच्या गाडीला तापावं लागत नाही आणि रांगेत उभं राहिल्याने तिचं काही जात नाही.

पण ज्यांच्या दारात डिझेलची गाडी उभी आहे, कर्जाचे हप्ते चालू आहेत, त्यांना आज काय करायचं? आमच्यापुरता मार्ग एकच होता. गाडीला दर आठ दिवसांनी एकदा तरी भरून, सलग, हायवेच्या वेगाने तासाहून जास्त पळवायचं. दादा ऐकताक्षणी म्हणाले, “मग दिल्लीला पाठवा की.” भावाला परतीच्या भाड्याची चिंता, कारण दिल्लीहून चांगलं भाडं मिळेपर्यंत गाडी तिकडे अडकते आणि इकडे केळीची कापणी थांबत नाही. आणि नाना एकदम गप्प झाले.

त्यांचं गप्प होणं मला समजत होतं. नानांनी उमेदीची सगळी वर्षं लाईनवर काढली. धाकट्या मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा ते सेंधव्याच्या पुढे कुठेतरी होते. लोकलचं काम त्यांनी कमी पगारावर घेतलं ते याच एका गोष्टीसाठी. “ताई, मी लाईन सोडी ती घरनाकरता,” ते म्हणाले. गाडीला लांब जायला हवं आणि माणसाला संध्याकाळी घरी यायला हवं, या दोन गरजांची गाठ कुठल्याच मॅन्युअलमध्ये सोडवलेली नाही. इंजिनाच्या भल्यासाठी माणसाचं घर पुन्हा तोडायचं, असा हिशेब मी मांडणार नव्हते.

मग धुळे निघालं. चोपड्याहून अमळनेरवरून धुळं सत्तर-ऐंशी किलोमीटर. सकाळी माल भरून निघालं तर दुपारपर्यंत खाली होतं आणि नाना दिवेलागणीच्या आत घरी असतात. जाताना गाडी वजनावर असते, ऑइल पूर्ण तापतं, जाळी मोकळी होते, बॅटरी भरते. त्यांची एकच अट होती की परतीच्या भाड्यासाठी धुळ्यात मुक्काम करायला लावायचं नाही. भाऊ बरेच दिवस अडून बसला, कारण रिकामी गाडी आणणं म्हणजे त्याच्या दृष्टीने डिझेल रस्त्यावर ओतणं. शेवटी मी त्याच्यासमोर मागच्या हंगामाची बिलं ठेवली, जाळीच्या सफाईची, दोन बॅटऱ्यांची, नोझलची. तो काही बोलला नाही, पण आठवड्याची धुळ्याची खेप सुरू झाली. त्या परतीच्या रिकाम्या गाडीचं डिझेल मी वाहतुकीच्या खर्चात धरत नाही. ते इंजिनाच्या दुरुस्तीच्या रकान्यात लिहिते.